अन्नपूर्णेच्या वाटेवर एक लेकरू

“काहून नेता लेकराले पहाडावर? पहाड काय पळून चालला?” निघायच्या आदल्या रात्री मायने विचारले. इंदोऱ्याच्या घरी ती आमच्याजवळच राहते. माझे वडील इतवारीच्या धान्यबाजारात हमाल होते. जन्मभर त्यांनी पोती वाहिली. चालणे म्हणजे मजुरी, एवढेच मायने पाहिलेले. पदरचे पैसे मोडून हौसेने डोंगर चढायचा, हे तिला पटणार कसे?

तरी आम्ही गेलो. दिवाळीच्या सुट्या होत्या आणि त्या दिवसांत नेपाळात आभाळ स्वच्छ असते. माझे यजमान रेल्वेत आहेत, म्हणून गोरखपूरपर्यंत पास मिळाला. पुढे बसने सोनौलीची सीमा ओलांडली, लुंबिनीला वंदन केले आणि पोखरा गाठले. भारतीयांना नेपाळात व्हिसा लागत नाही. मोठ्या माणसाला पासपोर्ट किंवा मतदार ओळखपत्र पुरते. आपल्या १०० रुपयांचे तिथे १६० होतात. हा दर १९९३ पासून तोच आहे.

पोखऱ्याहून नयापूल आणि तिथून पायी घोरेपाणी, असा बेत होता. घोरेपाणी म्हणजे घोड्यांना पाणी पाजण्याची जागा. त्याच्या वर पून हिल ही ३,२१० मीटर उंचीची टेकडी आहे. पहाटे तिथून धवलगिरी आणि अन्नपूर्णा दिसतात. आमची मुलगी सहा वर्षांची. म्हणून रोज तीन-चार तासच चालायचे, जागोजागी पाणी पाजायचे आणि मुक्कामी गरम डाळभात खायचा, असे ठरवले. सामानासाठी एक भरिया सोबत घेतला. नेपाळात ओझे वाहणाऱ्याला भरिया म्हणतात.

तिखेढुंग्यापासून उल्लेरीपर्यंत तीन हजारांवर दगडी पायऱ्या आहेत. निम्म्या वाटेवर मुलगी बसूनच राहिली. भरियादादा म्हणाले, “डोक्यात बसवतो.” मी दचकलेच! मग कळले, डोको म्हणजे बांबूची मोठी टोपली. ती पाठीवर असते आणि तिचा पट्टा, म्हणजे नाम्लो, कपाळावर घेतात. सारा भार माथ्यावर आणि मानेवर येतो.

त्यांच्या कपाळावर पट्ट्याचा वळ होता. तो पाहून मला वडिलांची मान आठवली. रात्री माय तेल चोळायची तेव्हा ती दगडासारखी लागायची. ज्याच्या बापाने ओझे वाहिले, त्याने आपले लेकरू दुसऱ्याच्या माथ्यावर द्यावे? मी नाही म्हटले. यजमान हळूच बोलले, “तुझं मन राहिलं, पण त्याची जास्तीची मजुरी गेली त्याचं काय?” मला उत्तर देता आले नाही. बसत-उठत मुलगी पायीच चढली. त्या रात्री मी भरियादादांना आमच्याच टेबलावर जेवायला बसवले. पण तो प्रश्न मनातून जाईना.

चौथ्या दिवशी दुपारी आम्ही घोरेपाणीला पोहोचलो. ते सुमारे २,८६० मीटरवर आहे, आपले नागपूर जेमतेम ३१० मीटरवर! मुलीने डाळभाताला तोंड लावले नाही. डोके धरून बसली, मग ओकली. अडीच हजार मीटरच्या वर विरळ हवा बाधू शकते. त्यात लहान मुलाला नीट सांगता येत नाही. मूल नुसते किरकिरते किंवा गप्प होते. पून हिल आता तासाभराच्या चढावर होती. दोन वर्षे पैसे साठवले होते. “सकाळपर्यंत पाहू,” असे यजमानांच्या ओठावर आले. भरियादादांनी मुलीकडे पाहिले आणि म्हणाले, “नाही. खाली. आत्ताच.”

मुलीच्या अंगात चालण्याचे त्राण नव्हते. आता मी नाही म्हटले नाही. शाल अंथरून तिला डोकोत बसवले. आमची पिशवी यजमानांनी पाठीला लावली. उजेड होता तोवर आम्ही बनथांटीला उतरलो, सहाशे मीटर खाली. तासाभरात तिने पाणी मागितले, मग भात. मला रडू आले.

त्या रात्री उत्तर सापडले. महाराष्ट्रात १९६९ साली माथाडी कायदा झाला. ‘माथाडी’ हा शब्दच माथ्यावरून आलेला. त्या कायद्याने हमालाच्या डोक्यावरचे ओझे काढले नाही. त्या ओझ्याला रास्त मजुरी, भविष्यनिर्वाह निधी आणि माणूस म्हणून मान मिळावा, अशी सोय केली. ओझे वाहण्यात लाज नाही. लाज आहे ती वाहणाऱ्याला जनावर समजण्यात. नेपाळात भरियाला ३० किलोच्या वर ओझे देऊ नये असे मानतात. ते पाळावे, मजुरी आधी ठरवावी आणि ठरलेली पूर्ण द्यावी. आम्ही लवकर परतलो, तरी त्यांचे ठरलेले सगळे दिवस भरून दिले, त्यात लेकराला उचलल्याचे वेगळे.

वाचक भगिनींनो, लेकरे घेऊन अवश्य जा. डोंगर कोणा एकाच्या मालकीचे नाहीत. मात्र एक दिवस जास्तीचा ठेवा आणि डोके दुखले, ओकारी झाली की वाट न पाहता खाली उतरा. टेकडी राहिली तरी चालेल.

घरी आल्यावर मायने विचारले, “दिसला का पहाड?” मुलगी म्हणाली, “पूर्ण नाही दिसला आजी. पण एका काकानं मले आजोबासारखं वाहून आणलं.” माय काही बोलली नाही. तिने नातीला जवळ ओढले आणि विचारले, “त्याले नीट पैसे देल्ले ना?”