अर्धे नाव

नाव कळल्याशिवाय माणसाला चैन पडत नाही. गाडीत शेजारी बसलेल्या प्रवाशाचे आडनाव कळले, की त्याचे गाव, घराणे, सोयरेधायरे सारे आपण मनातल्या मनात जुळवतो आणि मग खुशाल डुलक्या घेऊ लागतो! पण एखाद्या नावाची किंमत किती पडते, याचा विचार मला करायला लावला तो एका भुंगेऱ्याने.

आमच्या सातवीतल्या एका मुलीला तो परसातल्या रताळ्याच्या वेलावर सापडला. आकार कासवाचा, कडा काचेसारख्या आरपार आणि पाठीवर सोनाराने नुकताच मुलामा दिल्यासारखी झळाळी! मुलांच्या लेखी चमकणारा प्रत्येक किडा सोनपाखरूच; पण हिचे तेवढ्याने भागेना. “सर, याचं खरं नाव काय?”

मी पडलो भाषेचा मास्तर. मोबाईलवर त्याचे छायाचित्र काढून मी एका कीटकशास्त्रज्ञ स्नेह्यांकडे धाडले. उत्तर आले, “मास्तर, छायाचित्रात मुंगीही हत्तीएवढी दिसते. मोजून कळवा.”

मग बाटलीखाली आलेखाचा कागद ठेवून आम्ही मोजमाप केले. लांबी साडेपाच मिलिमीटर, रुंदी साडेचार. वरून, बाजूने आणि काचेतून पोटाकडूनही छायाचित्रे घेतली. ढालीखाली दडवलेले डोके तेव्हा कुठे दिसले!

दुसरे उत्तर आले. “‘कॅसिडा’ हे आडनाव बहुधा बरोबर. लिनियसने १७५८ साली ते दिले. लॅटिनमध्ये त्याचा अर्थ शिरस्त्राण. पण पाठीवरचे काळे पट्टे नेहमीच्या जातींशी जुळत नाहीत. दुर्मिळ असावा. काही जाती इतक्या सारख्या असतात, की पोट उघडून पाहिल्यावाचून नक्की सांगता येत नाही. स्पिरिटमध्ये घालून पाठवा.”

मुलीने पत्र दोनदा वाचले. “सर, मेल्यावर तो असाच सोन्याचा राहील?”

राहत नाही. ते सोने धातूचे नव्हे. कवचाचे अतिपातळ थर, त्यांत मुरलेला ओलावा आणि त्यावर खेळणारा प्रकाश, एवढेच त्याचे भांडवल. जीव गेला, कवच वाळले, की उरतो मातकट रंग.

माझ्या स्नेह्यांना कोणी निर्दय म्हणू नये. समरेंद्र मौलिक यांनी १९१९ साली आपल्याकडच्या या भुंगेऱ्यांवर ग्रंथ लिहिला, तो टाचणीला लावलेल्या नमुन्यांच्या आधारे. ते नमुने नसते, तर आम्हांला आडनावही कळले नसते. हे सारे मी तिला सांगितले आणि निर्णय तिच्यावर सोपवला.

दुसऱ्या दिवशी बाटली रिकामी होती. “रताळ्याचा पाला खाणारी कीड परत वेलावर सोडतेस?” म्हणून वडील रागावले, असे ती म्हणाली. वहीत मात्र तारीख, वेल, लांबी, रुंदी सारे नीट मांडलेले होते. खाली लिहिले होते, “कॅसिडा, बहुधा. जात ठाऊक नाही. सोडला तेव्हा सोनेरी होता.”

ते पान मी स्नेह्यांना धाडले. त्यांनी कळवले, “नोंद उत्तम आहे. पुढल्या पावसाळ्यात वेलावर लक्ष ठेवायला सांगा. एखादा आपण होऊन मेलेला सापडला, तर तेवढा मला पाठवा.”