गजांविना पिंजरे

प्राणिसंग्रहालय म्हणजे मुलाबाळांचा हात धरून जाण्याचे ठिकाण, अशी आपली एक समजूत असते. आम्ही मात्र सिंगापूरचे प्राणिसंग्रहालय पाहिले ते अगदी एकट्याने. घरची मंडळी कचेरीत आणि शाळेत गुंतलेली होती आणि आमच्या हाती एक अख्खा मोकळा दिवस होता. एकट्याने जाण्यात एक मोठा लाभ असतो. ‘चला, पुढे चला’ म्हणून कोणी घाई करीत नाही. एखाद्या प्राण्यापुढे अर्धा तास उभे राहावेसे वाटले, तर खुशाल उभे राहावे.

आंग मो किओ येथील स्थानकावरून १३८ क्रमांकाची बस मंडाईकडे जाते. उंच इमारतींच्या रांगा हळूहळू मागे पडतात आणि दुतर्फा दाट झाडी सुरू होते. विषुववृत्त येथून जवळच आहे, त्यामुळे सकाळी नऊलाच अंगाला घामाच्या धारा लागतात. अप्पर सेलेटार जलाशयाच्या काठी सुमारे २८ हेक्टरांवर हे संग्रहालय वसले आहे. ते २७ जून १९७३ रोजी खुले झाले. ही कल्पना मूळची ओंग स्वी लॉ यांची. पाणी व वीज पुरविणाऱ्या सरकारी मंडळाचे ते अध्यक्ष होते. जलाशयाभोवतालच्या राखीव रानाचा लोकांना आनंद घेता यावा, अशी त्यांची दृष्टी होती.

आमच्या बडोद्याची सयाजीबाग, जुन्या मंडळींची कमाटीबाग, १८७९ सालची. लहानपणी तेथे पाहिलेला वाघ आम्हांस आठवतो तो गजांच्या उभ्या रेघांसकट. येथे गज जवळजवळ नाहीतच. प्राणी आणि प्रेक्षक यांच्यामध्ये पाण्याचा किंवा कोरडा खंदक असतो आणि तो झुडपांच्या आड असा लपविलेला असतो की सहसा दिसत नाही. ही युक्ती सिंगापूरची नव्हे. जर्मनीतील कार्ल हागेनबेक यांनी १९०७ साली हॅम्बुर्गजवळ ती प्रथम मोठ्या प्रमाणावर अमलात आणली. सिंगापूरने तिला उष्ण प्रदेशातील हिरवाईची जोड दिली. जर्मनीत कृत्रिम खडक उभारावे लागले, येथे रान आपण होऊन वाढते.

आमचा सर्वाधिक वेळ गेला तो ओरांगउटानांपाशी. मलय भाषेत ‘ओरांग’ म्हणजे माणूस आणि ‘हुतान’ म्हणजे वन. वाटेवरून चालताना मान वर करावी, तो दोरांवरून तांबूस केसांची एक आई पोटाशी पिलू घेऊन संथपणे जात असते. हे पिलू सहासात वर्षे आईला सोडीत नाही, त्यामुळे दोन बाळंतपणांत तितकेच अंतर पडते. बोर्निओ व सुमात्रा येथील जंगले तेलताडाच्या लागवडीसाठी तोडली जात असता ही जात का खचत चालली आहे, हे एवढ्यावरून कळावे.

आह मेंग नावाची ओरांगउटान मादी ही या संग्रहालयाची एके काळची शान. एका कुटुंबाने तिला बेकायदा पाळले होते, तेथून १९७१ साली तिची सुटका झाली. पुढे पाहुणे तिच्या संगतीत न्याहारी करू लागले. ८ फेब्रुवारी २००८ रोजी ती गेली, तेव्हा तिला निरोप द्यायला हजारो माणसे लोटली.

परंतु आमच्या मनात घर करून राहिला तो इनुका. हे ध्रुवीय अस्वल २६ डिसेंबर १९९० रोजी येथेच जन्मले. उष्ण कटिबंधात जन्मलेले हे पहिलेच ध्रुवीय अस्वल. त्याने खरा हिमप्रदेश कधी पाहिला नाही. २००४ साली येथील दमट हवेत त्याच्या पोकळ केसांत शेवाळ धरले आणि शुभ्र अस्वल हिरवट दिसू लागले. शीतगृहासारखे नवे घर त्याला मिळाले ते २०१३ साली. २५ एप्रिल २०१८ रोजी, वयाच्या सत्ताविसाव्या वर्षी, व्याधींनी जर्जर झाल्यामुळे त्याला चिरनिद्रा देण्यात आली. यापुढे ध्रुवीय अस्वल आणावयाचे नाही, असे संग्रहालयाने २००६ सालीच ठरविले होते.

वाचकहो, ओरांगउटान आणि इनुका एकाच कुंपणात वाढले. एकाला तेथली हवा, पाऊस व झाडे घरचीच होती. दुसऱ्यासाठी थंडी यंत्राने निर्माण करावी लागली. खंदक कितीही कौशल्याने लपविला, तरी हवामान लपविता येत नाही. प्राणी बंदिवासात ठेवावेत की नाहीत, या वादाचा निकाल आम्ही देऊ धजत नाही. मात्र जो प्राणी ज्या हवेचा, त्याला त्याच हवेत ठेवावे, एवढे तरी इनुकाच्या जन्मापासून अखेरपर्यंतच्या सत्तावीस वर्षांनी शिकविले आहे.

दुपारी मेघगर्जनेसह पाऊस कोसळला आणि माणसे छपरांखाली धावली. लांब नाकाची बोर्निओची माकडे मात्र पानांआड निवांत बसून राहिली. आपल्यापैकी अनेकांची मुले हल्ली सिंगापुरास असतात. त्यांच्याकडे जाल तेव्हा एक दिवस मंडाईसाठी राखून ठेवा. छत्री घ्या, सकाळी दार उघडताच आत शिरा, आणि जमल्यास एकट्यानेच जा.