उसनी ऊब

"अगं, गोधडी घाल की त्यांच्यावर," आई फोनवर म्हणाली. देवरुखला तेव्हा दुपार होती, इथे ऑस्टिनमध्ये मध्यरात्र उलटलेली. तारीख 15 फेब्रुवारी 2021. टेक्सासवर हिमवादळ आलं होतं, बाहेरचा पारा उणे दहाच्याही खाली गेला होता आणि लाखो घरांबरोबर आमचीही वीज गेली होती. माझ्या दोन सापांच्या काचपेट्यांखालचे हीट मॅट हळूहळू गार पडत होते.

आईचा सल्ला मायेचा, पण सापाला तो लागू पडत नाही. गोधडीला स्वतःची ऊब नसते. आपल्याच अंगातली उष्णता ती अडवते आणि आपल्याला परत देते. साप मात्र ऊब बाहेरून घेतो. देवरुखला आमच्या घरामागच्या जांभ्याच्या गडग्यावर सकाळी धामण येऊन पडायची ती त्यासाठीच. गार पडलेल्या सापाला नुसतं पांघरूण घातलं, तर आत गारठाच जपला जातो.

केशरची मला फार काळजी नव्हती. ती कॉर्न स्नेक, अमेरिकेच्याच आग्नेय भागातली जात. हिवाळा सुस्त पडून काढणारी. बकुळा मात्र बॉल पायथन, पश्चिम आफ्रिकेच्या उबेतली. तिच्या पेटीत एका टोकाला 31-32 अंश लागतात, दुसऱ्या टोकाला 26 च्या आसपास. आपल्याकडची अजगर मादी अंड्यांभोवती वेटोळं घालून स्नायू थरथरवते आणि त्या उष्णतेने अंडी उबवते. बकुळा त्याच कुळातली, पण तिच्या जातीला ते साधत नाही. वादळाचा अंदाज ऐकून शनिवारी मी तिला उंदीर दिला नव्हता, हे बरं झालं. ऊब नसेल तर पोटातलं भक्ष्य पचत नाही. ते आतच कुजतं, नाहीतर साप ओकून टाकतो.

दोघींना वेगवेगळ्या उशीच्या अभ्र्यांत घालून गाठ मारली. बर्फासाठी आणलेल्या थर्माकोलच्या पेटीला भोकं पाडली. गारवा राखणारी पेटी ऊबही राखते. गॅस काडी लावून पेटवला, पाणी हाताला सोसेल इतकं तापवलं, मोठ्या बाटल्यांत भरलं आणि बाटल्या टॉवेलात गुंडाळून अभ्र्यांपासून चार बोटं दूर ठेवल्या. मोठी बाटली उशिरा निवते. हातमोज्यांत घालायच्या उष्णतेच्या पुड्या होत्या, पण त्यांतली लोखंडाची पूड हवेतला प्राणवायू खेचूनच तापते, शिवाय ती किती तापेल याचा नेम नाही. साप भाजेपर्यंत तापलेल्या जागेवरून हलत नाही, हे मी पाहिलं आहे. म्हणून पुड्या पेटीबाहेरच राहिल्या.

घाबरलेला माणूस अशा वेळी उष्णता वाढवत सुटतो. निरोगी, मोठा साप काही तासांचा गारवा सोसतो. भाजलेली कातडी बरी व्हायला महिने जातात. कोळशाची शेगडी घरात आणायची नाही, हे तर माणसांसाठीही तितकंच खरं. त्या आठवड्यात टेक्सासमध्ये विषारी धुराने माणसं दगावली.

मंगळवारी पहाटे पेटीतला काटा 21 वर आला आणि गॅसचा दाब मंदावला. मग मी बकुळाला अभ्र्यासकट स्वेटरच्या आत, पोटाशी घेतलं. माणसाच्या कातडीचं तापमान 33 अंशांच्या जवळपास असतं. तिला हवं होतं ते जवळजवळ तेवढंच. खुर्चीत बसून वरून आईने शिवलेली गोधडी ओढली. अर्ध्या तासाने कापडाआडून तिची हालचाल जाणवली. घट्ट चेंडू झालेलं अंग सैल होऊन माझ्या बरगड्यांवर पसरत होतं.

गुरुवारी वीज आली. बकुळाला लगेच खायला द्यायचा मोह आवरला. पेटी आठवडाभर नीट तापू दिली, मगच उंदीर दिला. आईला फोन करून सांगितलं, तुझी गोधडी कामी आली. फक्त तिच्या आत आधी मला बसावं लागलं.