उसने डोके, वडिलोपार्जित नाक

सतराव्या शतकात जर्मन लेखनात लॅटिन आणि फ्रेंच शब्दांची गर्दी झाली होती. ती हटवण्याचा विडा उचललेल्या लेखकांत फिलिप फॉन झेसेन (१६१९–१६८९) हे अग्रणी होते. अंतर या अर्थाच्या 'डिस्टान्झ'ऐवजी त्यांनी पुढे आणलेला 'आबश्टांड' हा शब्द आजही जर्मन माणसाच्या नित्य वापरात आहे.

अतिरेकाची थट्टाही ओघाने आलीच. 'नाझे' म्हणजे नाक. हा शब्दही परका ठरवून त्याऐवजी 'गेझिश्ट्सएर्कर', म्हणजे 'चेहऱ्याचा सज्जा', असे म्हणावे, ही सूचना विरोधकांनी झेसेन यांच्या माथी मारली.

वास्तविक 'नाझे' अस्सल वडिलोपार्जित आहे. लॅटिन 'नासुस' आणि संस्कृत 'नासा' ही त्याची भावंडे. एकाने दुसऱ्याकडून उसने घेतलेले नाही. गुडघ्याचा 'क्नी' आणि 'जानु', पावलाचा 'फूस' आणि 'पाद', दाताचा 'त्सान' आणि 'दन्त' यांचेही नाते असेच प्राचीन आहे.

परका शब्द होता तो नाकाच्या वर. डोक्याचा जुना जर्मन शब्द 'हाउप्ट'. त्याला बाजूला सारून 'कोप्फ' रूढ झाला, आणि त्याचे मूळ लॅटिन 'कुप्पा', म्हणजे प्याला. मध्ययुगीन जर्मनमध्ये 'कोप्फ' हे पिण्याचे पात्र होते. वाटीसारख्या आकारामुळे ते नाव आधी कवटीला आणि मग साऱ्या डोक्याला मिळाले. चहाचा 'कप' याच कुळातला. संस्कृत 'कपाल' शब्दातही वाडगे आणि कवटी हे दोन्ही अर्थ एकत्र नांदतात. 'हाउप्ट' आता भारदस्त भाषेत आणि राजधानीच्या 'हाउप्टश्टाट'सारख्या जोडशब्दांत उरला आहे.

देहाची कथा अधिक विलक्षण. आजचा रोजचा शब्द 'क्योर्पर' हा लॅटिन 'कॉर्पुस'वरून आला. देह या अर्थाचा जुना जर्मन शब्द, आजच्या रूपात 'लाइशे', आता केवळ प्रेताला लावतात. 'लाइब' हा दुसरा देशी शब्द जिवंत असला, तरी त्याचा वावर मुख्यतः धार्मिक व ग्रांथिक भाषेत आणि ठरावीक वाक्प्रचारांत आहे.

शब्दांची शुद्धता कुळावरून ठरवायची, तर जर्मन माणसाला आधी आपले डोके परत करावे लागेल. नाक मात्र निःशंकपणे ठेवता येईल.