मस्कतमधली सुट्टी आणि पुण्यातली मशीद

ओमानमध्ये आठवड्याची सुट्टी शुक्रवार-शनिवारी असते. 2013 च्या मे महिन्याआधी ती गुरुवार-शुक्रवारी असे. मी पतीच्या नोकरीमुळे मस्कतला गेले आणि तिथल्या एका भारतीय शाळेत हिंदी शिकवू लागले, तोवर हा बदल झालेला होता. जन्मभर रविवारी उशिरा उठलेल्या पुणेकरणीला रविवारी पहाटे शाळेची बस पकडायची म्हणजे शिक्षाच. पण जुम्म्याच्या दिवशी घर निवांत असे, याचं सुखही मोठं होतं.

2016 च्या डिसेंबरात अशाच एका सुट्टीला पुण्याहून माझ्या दोन मैत्रिणी आल्या. बी.एड.ला आम्ही तिघी एका गटात होतो. एकीची अध्यापन पद्धती गणित-विज्ञान, दुसरीची इतिहास-मराठी आणि माझी उर्दू-मराठी. तेव्हापासून आम्ही एकमेकींना पद्धतीवरूनच हाक मारतो : गणित, इतिहास आणि उर्दू. सराव पाठांच्या दिवसांत एकीचं टाचण दुसरीनं लिहायचं आणि तिसरीनं तक्ते रंगवायचे, अशी आमची वाटणी होती. नंतर तिघी तीन शाळांत गेलो, पण दिवाळी आणि ईदच्या आधीची लक्ष्मी रोडची खरेदी एकत्रच व्हायची.

पुण्याहून मुंबई विमानतळाला पोहोचायला त्यांना चार तास लागले, विमानाचा प्रवास त्याहून कमी. बॅगांतून बाकरवडी निघाली, कॅम्पातल्या कयानीची श्रूजबेरी बिस्किटं निघाली. माझ्या मुलीसाठी ‘किशोर’चे अंक आणि बालभारतीचं उर्दूचं पहिलीचं पुस्तकही होतं. सेनापती बापट रस्त्यावरची आपली बालभारती मराठीबरोबर उर्दूचीही पाठ्यपुस्तकं काढते, हे माझ्या तिथल्या केरळी सहकारी बाईंना सांगितलं तर त्यांना फार नवल वाटलं होतं.

शुक्रवारी संध्याकाळी आम्ही मतरहच्या बाजारात गेलो. लोबानचा धूर, चांदीचे खंजर, खजूर. ओमानी रियालचे हजार भाग होतात आणि त्या भागाला म्हणतात बैसा, म्हणजे आपला पैसाच. गणितला हे फार आवडलं. किंमत दशांश चिन्हानंतर तीन आकड्यांत लिहिलेली बघून ती म्हणाली, “माझ्या सहावीच्या पोरांना इथे आणलं पाहिजे.” मग इतिहासने तिला सांगितलं, की इथे 1970 पर्यंत रुपयाच चालत होता. 1959 मध्ये रिझर्व्ह बँकेने आखातासाठी वेगळा रुपया काढला होता. तो कुवेत, बहरीन, कतार असा एकेका देशातून बाद होत गेला आणि शेवटी ओमानमधून गेला. दुकानदार बलोच होता. आमचं बोलणं ऐकून तो उर्दूत म्हणाला, “माझे आजोबा रुपयांतच हिशोब करायचे.”

परतताना शाळेवरून गेलो. पाटीवर अरबीत लिहिलेलं मी वाचून दाखवलं : अल-मदरसा अल-हिंदिया. इतिहास थांबली. “मदरसा? तुमच्या शाळेला?” मी म्हटलं, अगं, अरबीत शाळेला मदरसाच म्हणतात. गणित, भूगोल, पी.टी., सगळं मदरशातच शिकवतात. मग मी माझं ओळखपत्र दाखवलं. मीम, दाल, रे, सीन आणि गोल ते. जबर-जेर लावले नाहीत तर हीच अक्षरं ‘मदरसा’ म्हणूनही वाचता येतात आणि ‘मुदर्रिसा’ म्हणजे शिक्षिका म्हणूनही. बाई आणि शाळा यांचं स्पेलिंग एकच, यावर आम्ही तिघी रस्त्यात हसत उभ्या राहिलो.

रात्री जेवणानंतर इतिहासने विचारलं, “तुला इथे बरं वाटत असेल ना, आपल्या लोकांत?”

तिच्या मनात वाकडं काही नव्हतं. वीस वर्षांची मैत्रीण आहे ती. पण ‘आपले लोक’ म्हणजे कोण, ते मला तिला सांगावं लागलं. इथे मी कुणाची ‘आपली’ नाही. अजान ऐकू येते, हलालची चौकशी करावी लागत नाही, घर भाड्याने घेताना आडनाव ऐकून कुणाचा आवाज बदलत नाही. हे सगळं खरं आहे आणि त्याची किंमत मी जाणते. पण अरबीत ‘हिंदी’ म्हणजे भारतीय, आणि इथे मी तीच. तू जशी हिंदी तशीच मीही. कार्ड दोन वर्षांचं, नोकरी संपली की परत. मी नमाज पढते म्हणून कुणी मला इथली नागरिक करणार नाही. आणि दिवसभर सहा तास घेऊन घरी आल्यावर “दमलीस का गं?” असं मराठीत विचारणारी बाई मला इथे भेटलेली नाही. गणितने मुकाट्याने बाकरवडीचा डबा माझ्यापुढे सरकवला.

शनिवारी सकाळी सुलतान काबूस मशिदीत गेलो. 2001 साली उघडलेली ही मशीद शुक्रवार सोडून रोज सकाळी 8 ते 11 मुस्लिमेतर पाहुण्यांसाठी खुली असते. बायकांनी केस झाकायचे, लांब बाह्यांचे कपडे घालायचे. बांधकामाला तीन लाख टन वालुकाश्म लागला आणि तो भारतातून गेला. आतला एकसंध गालिचा 21 टनांचा, इराणी बायकांनी विणलेला. पाहुण्यांना त्यावर पाय ठेवता येत नाही, वरून अंथरलेल्या पट्टीवरून चालायचं. शेवटी माहिती केंद्रातल्या बायकांनी काहवा आणि खजूर दिले.

बायकांच्या वेगळ्या दालनात मी दोन रकात नफल पढले. बाहेर आले तर इतिहास म्हणाली, “चाळीस वर्षं पुण्यात राहतेय. मशिदी बाहेरून किती बघितल्या. आत आज पहिल्यांदा, तेही विमानाने येऊन.”

मी म्हटलं, “पुण्यातली मशीद आतून मीही पाहिलेली नाही. लहानपणी अब्बांचं बोट धरून पायऱ्यांपर्यंत जायचे, तेवढंच.”

तिला वाटलं मी गंमत करतेय. गणितने विचारलं, “मग लक्ष्मी रोडवर आपण दुपारभर फिरायचो, तेव्हा तुझी नमाज?” मी म्हटलं, असरची वेळ निघून जायची. घरी येऊन कजा पढायचे. इतक्या वर्षांत त्यांनी हे विचारलं नव्हतं आणि मीही सांगितलं नव्हतं, कारण पुण्यात यात सांगण्यासारखं काही आहे असं आम्हा बायकांनाच वाटत नाही. पुरुषाला कुठेही मशीद सापडते. बाई घरी पढते.

2018 मध्ये आम्ही परत आलो. पुढच्याच वर्षी पुण्यातल्या एका दांपत्याने बायकांना मशिदीत नमाजासाठी प्रवेश मिळावा म्हणून सर्वोच्च न्यायालयात याचिका केली. जानेवारी 2020 मध्ये मुस्लिम पर्सनल लॉ बोर्डानेही न्यायालयाला सांगितलं, की इस्लाम बायकांना मशिदीत येऊन नमाज पढायला मनाई करत नाही. जमातीत सामील होणं मात्र त्यांच्यावर बंधनकारक नाही. म्हणजे धर्माची हरकत नाही. उरतो प्रश्न जागेचा, नळाचा, वेगळ्या दाराचा आणि आमच्या सवयीचा. काही मशिदींनी ही सोय केली आहे. ‘मस्जिद परिचय’सारख्या उपक्रमांत इतर धर्मांच्या शेजाऱ्यांना बोलावून मशीद दाखवली जाते, हेही चांगलंच आहे. पण शेजारीण पाहुणी म्हणून आत येते आणि मोहल्ल्यातली बाई बाहेर उभी राहते, असं होता कामा नये.

आमच्या मोहल्ल्यातल्या मशिदीत तळमजल्यावर सामान ठेवायची एक खोली आहे, 10 बाय 12 फुटांची. गणितला मी मापं सांगितली. एका जानमाजला 2 बाय 4 फूट धरले तर 15 बायका, आणि दाराजवळ वाट सोडली तरी 12, असा तिने हिशोब केला. मराठी अर्जाचा मसुदा इतिहासने तपासला, उर्दू मी लिहिला. मोहल्ल्यातल्या अकरा जणींच्या सह्या आहेत. पहिली सही माझ्या सासूबाईंची, वय 74. त्यांनी सही करताना एवढंच विचारलं, “खुर्ची ठेवता येईल ना?”

विश्वस्तांनी अर्ज ठेवून घेतला आहे. उत्तर अजून आलेलं नाही. रमजानच्या आधी आम्ही पुन्हा जाणार आहोत.