थांबलेला पट, वाढणारे वय

शर्यतीकडे करमणूक म्हणून पाहणाऱ्याला तिच्यावरील स्थगिती ही पुढे ढकललेली तारीख वाटते. परंतु ज्यांच्या गोठ्यात पटाचे, म्हणजे शर्यतीचे, बैल असतात किंवा ज्यांच्या गच्चीवर शर्यतीच्या कबुतरांची ढाबळ असते, त्यांच्या दृष्टीने शर्यत ही पैदाशीची कसोटी असते. कोणत्या वळूचे गोऱ्हे चपळ निघतात आणि कोणत्या जोडीची पिल्ले दूरवरून सोडल्यावरही घर गाठतात, हे अंगकाठीवरून किंवा पिसांच्या तजेल्यावरून पुरते ठरत नाही. ते धावण्यातून आणि उडण्यातूनच सिद्ध होते. म्हणूनच शर्यत थांबली की निवड थांबते, जनावराचे वय मात्र थांबत नाही, आणि या दोहोंतील अंतरातच पाळणाऱ्याचे खरे नुकसान साठत जाते.

या नुकसानीचे सर्वांत ठळक उदाहरण महाराष्ट्रात बैलांच्या शर्यतींचे आहे. वाशीम आणि यवतमाळ या वैदर्भीय जिल्ह्यांना लागून असलेल्या हिंगोली जिल्ह्यात या शर्यतीला विदर्भाप्रमाणेच शंकरपट म्हणतात. हलक्या छकड्याला जुंपलेली बैलजोडी सरळ धावपट्टीवरून सोडली जाते, तिची वेळ सेकंदांत मोजली जाते, आणि जोडी हाकणाऱ्यास धुरकरी असे नाव आहे. केंद्र सरकारने 11 जुलै 2011 च्या अधिसूचनेने प्रदर्शन आणि खेळांसाठी वापरण्यास मनाई असलेल्या प्राण्यांत बैलाचा समावेश केला. 7 मे 2014 रोजी सर्वोच्च न्यायालयाने बैलांच्या शर्यती बेकायदेशीर ठरवल्या. 2017 मध्ये राज्य विधिमंडळाने शर्यतींना मुभा देण्यासाठी केलेल्या कायदादुरुस्तीलाही उच्च न्यायालयाच्या स्थगितीमुळे फळ आले नाही. अखेर 16 डिसेंबर 2021 रोजी सर्वोच्च न्यायालयाने सशर्त परवानगी दिली आणि 18 मे 2023 रोजी घटनापीठाने ती कायदादुरुस्ती वैध ठरवली.

न्यायालयीन इतिहासात हा दहा वर्षांचा काळ काही निकालांमध्ये सामावतो, परंतु गोठ्यात तो एका पिढीचा काळ असतो. कायमचे दात न आलेल्या गोऱ्ह्यास जनावरांच्या बाजारात आदत म्हणतात. साधारण दोन-अडीच वर्षांच्या वयात त्याला पहिले दोन कायमचे दात येतात, चार-पाच वर्षांत सर्व दात जुळतात, आणि त्यानंतरची मोजकी वर्षेच त्याच्या वेगाच्या बहराची असतात. 2011 मध्ये जन्मलेला गोऱ्हा शर्यत पुन्हा सुरू झाली तेव्हा दहा वर्षांचा झाला होता, म्हणजे त्याच्या अंगी काय होते हे पटावर कळण्याची वेळ निघून गेली होती. त्याच्या बापाचे रेतन पुढे चालवावे की नाही, या प्रश्नाला आधार देणारी नोंदच निर्माण झाली नाही. शेतीची कामे ट्रॅक्टरने आधीच हाती घेतली असताना गोऱ्हा सांभाळण्याचे जे एक कारण उरले होते तेही या काळात क्षीण झाले, आणि सरकी पेंड, हरभऱ्याची चुनी व ज्वारीचा कडबा यांवरील खर्च मात्र तसाच राहिला.

जनावराच्या जोडीने माणसाच्या हातातले कसबही वयात येते आणि ओसरते. धुरकऱ्याचे काम बैल पळवण्याचे आहे असे वरवर वाटते. प्रत्यक्षात ते दोन भिन्न स्वभावांच्या जनावरांना एका जुवाखाली एकाच लयीत आणण्याचे आहे. कोणता बैल डावीकडे जुंपल्यावर मोकळा पळतो, कोणता सुटण्यापूर्वीच अधीर होतो, कासरा किती सैल ठेवला असता मागे पडणारा बैल आपण होऊन जोडीदाराला गाठतो, हे ज्ञान सांगून देता येत नाही. जाणत्या धुरकऱ्याजवळ उभे राहून आणि पुढे स्वतः छकड्यावर चढूनच ते अंगी मुरते. ज्या मुलांचे शिकण्याचे वय बंदीच्या वर्षांत सरले, त्यांच्या आणि जुन्या जाणत्यांच्या मधली साखळी सैल झाली.

कबुतरांच्या बाबतीत हा हिशेब अधिकच घाईचा आहे. अंडे सुमारे अठरा दिवसांत उबते, आठवड्याभराचे झाल्यावर पिल्लाच्या पायात ओळखीचे वळे चढवावे लागते, कारण पुढे पंजा मोठा होऊन ते बसत नाही, आणि पहिल्याच वर्षी त्याला ढाबळीपासून थोड्या, मग अधिक आणि पुढे कितीतरी अधिक अंतरावरून सोडत घराची वाट पक्की करून घ्यावी लागते. 2020 मध्ये कोविडच्या साथीने ब्रिटनमधील कबुतर-शर्यती काही काळ थांबल्या, तेव्हा पाळणाऱ्यांपुढे हाच पेच उभा राहिला. हिंगोलीला लागून असलेल्या परभणी जिल्ह्यातील मुरुंबा येथे जानेवारी 2021 मध्ये कोंबड्यांत बर्ड फ्लू आढळला, तेव्हा पक्ष्यांच्या ने-आणीवर निर्बंध आले. अशा निर्बंधांत दूरवर नेऊन सोडण्याचे शिक्षण सर्वांत आधी थांबते. तथापि कबूतर ढाबळीभोवती घिरट्या घालून पंखांचा जोर राखू शकते, आणि पाळणाऱ्याने ती सवय सोडू न देणे हेच स्थगितीच्या काळातील त्याचे पहिले कर्तव्य ठरते.

स्थगिती अन्याय्यच असते असा याचा अर्थ नव्हे. बैलांना पराणी टोचणे, शेपूट पिरगळणे, विजेचा झटका देणे हे प्रकार पटावर घडत होते, आणि ज्याला आपल्या जोडीचे प्रेम आहे त्याने या सत्याकडे पाठ फिरवणे हा त्या प्रेमाचाच अवमान आहे. परवानगीबरोबर जी बंधने आली, म्हणजे जिल्हाधिकाऱ्यांची पूर्वसंमती, पशुवैद्यकीय तपासणी आणि चाबूक-काठीला मनाई, ती या खेळावर लादलेले ओझे नसून त्याच्या टिकण्याची अट आहे; कारण मारून मिळवलेला वेग बैलाच्या रक्ताविषयी काहीच सांगत नाही आणि म्हणून कसोटी म्हणूनही तो निरर्थक असतो.

तेव्हा बैल असो वा कबूतर, शर्यत बंद असतानाही वंशावळीची नोंद चालू ठेवणे, कोवळ्या जनावराला हलका सराव देत राहणे आणि नवख्या मुलाला गोठ्याच्या वा ढाबळीच्या कामात सोबत घेणे, या तीन गोष्टी पाळणाऱ्याच्या हाती उरतात. त्याच वेळी स्थगिती देणाऱ्या यंत्रणेनेही तिची मुदत आणि ती उठण्याच्या अटी आरंभीच स्पष्ट कराव्यात, ही अपेक्षा रास्त आहे. कारण मुदत ठाऊक असलेला माणूस एक हंगाम सोसून जोडी राखतो, परंतु अनिश्चिततेत तो ती विकून टाकतो, आणि विकली गेलेली पैदास कोणत्याही न्यायालयाच्या परवानगीने गोठ्यात परत येत नाही.