स्मृतिभ्रंशाची पहिली खूण

स्मृतिभ्रंश बहुतेकदा आधी रोजच्या कामात दिसतो. वरोऱ्याच्या आसपासच्या खेड्यांत तो ओळखायचा, तर माणूस हयातभर काय करत आला हे आधी माहीत हवे. भाकरी थापत म्हातारी झालेल्या बाईला पिठात पाणी किती घालावे ते उमगेनासे होते, वरणात मीठ दोनदा पडते. बाजारात कापसाचे पैसे बोटांवर जुळवणारा शेतकरी सुटे पैसे न घेताच निघतो. चष्मा कुठे ठेवला ते न आठवणे वयाचे असू शकते. वावरातून घरी यायची नेहमीची वाट चुकणे मात्र वयाच्या खाती टाकू नये. ‘साठी बुद्धी नाठी’ म्हणून नेमकी इथेच वर्षे वाया जातात.

रुग्ण स्वतः क्वचितच तक्रार करतो. ‘जेवण काय झालं?’ असे विचारले की तो आधी बायकोकडे मान वळवतो आणि ती बोलली की हसून दुजोरा देतो. हे मान वळवणे तपासणाऱ्याने जरूर टिपावे. मग सुनेला किंवा मुलाला बाजूला घेऊन एकच विचारावे: वर्षभरापूर्वी जमत होते आणि आता जमत नाही, असे काय? कागदावरच्या चाचणीपेक्षा या उत्तरातून पुष्कळदा जास्त कळते.

कारण त्या चाचण्या शिकलेल्यांसाठी बेतलेल्या असतात. शाळा न पाहिलेल्या आजीला घड्याळ काढायला लावणे अन्यायाचेच. आनंदवनासारख्या ठिकाणी कुष्ठरोगाने बोटे वाकलेल्या वृद्धाच्या हातात पेन्सिल देऊन त्याची बुद्धी मोजता येत नाही. निरक्षरांसाठी हरियाणातल्या बल्लभगड भागात १९९० च्या दशकात हिंदीत वेगळी चाचणी घडवली गेली, ती याच अडचणीतून. तारखेऐवजी पोळा होऊन गेला की यायचा आहे, वावरात सध्या काय उभे आहे, असे विचारावे.

ऱ्हास कसा झाला तेही पाहावे. अल्झायमरमध्ये तो हळूहळू होतो. मेंदूच्या रक्तवाहिन्यांचे दुखणे असले तर पुष्कळदा पायरीपायरीने: एका झटक्यानंतर चाल बिघडते, पुढच्यानंतर बोलणे. या भागात हा प्रकार विसरून चालणार नाही. ‘सर्च’ संस्थेच्या शेजारच्या गडचिरोली जिल्ह्यातील ग्रामीण अभ्यासात (२०१५) मृत्यूंचे सर्वांत मोठे कारण पक्षाघात निघाले. म्हणून रक्तदाब मोजल्याशिवाय ही तपासणी पुरी होत नाही.

दोन-चार दिवसांत माणूस बरळू लागला, तर ते बहुधा वेगळेच असते: ताप, लघवीतला जंतुसंसर्ग, उन्हाळ्यात उष्माघात. तिथे थांबू नये, लगेच दवाखाना गाठावा. ऐकू न येणे, खिन्नता, थायरॉईडची कमतरता, बी-१२ ची उणीव, झोपेच्या गोळ्या, पडल्यावर मेंदूभोवती साकळलेले रक्त यांनीही माणूस हुबेहूब स्मृतिभ्रंशाचा वाटतो, आणि यातले बरेच काही उपचाराने सुधारते. रक्ततपासणी आणि मेंदूचा स्कॅन त्यासाठीच.

निदान पक्के झाले तरी दर सहा महिन्यांनी तेच प्रश्न, शक्यतो त्याच सुनेला, पुन्हा विचारावे लागतात.